उष्टी हळद

"बनियनवर कोन हलद लावतो गो? मी तं पयल्यांदाच बघतंय," राहीबाई पुटपुटली. तिचं तोंड गोजराच्या कानाला जवळजवळ लागलेलं, त्यामुळे शब्दांबरोबर पानतंबाखूचा ऊबदार वासही आला. कुरकुर एवढीशीच होती. मांडवात बसलेल्या इतर बायांना ती ऐकूही गेली नसेल. गोजराच्या तोंडची ओळ तुटली नाही, कारण लग्नाच्या गाण्यांचा हा धवला म्हणताना कोण काय पुटपुटतं त्याकडे लक्ष देणारी धवलारीण दोन लग्नंही पार पाडू शकणार नाही. आगऱ्यांच्या लग्नात देवांना बोलवायचं काम तिचं, हळद लावून घ्यायचं तिचं, नवरा-नवरीची नावं गाण्यात गुंफायचं तिचं. भट येतो नंतर, तोही घड्याळ बघत. तेव्हा ओळ तुटली नाही, पण हात थांबला. नवरदेवाच्या, कुंदनच्या, मानेवरून खाली सरकत होता तो पांढऱ्या कोऱ्या बनियनच्या काठाशी अडकला, जसं कुंपणाशी वासरू अडकतं. बोटांना पिवळी ओल, आणि काठाच्या आत, बोटभर अंतरावर, ती खपली.

ती तिथे आहे हे गोजराला माहीत होतं. पावसाळ्यात नागीण उठली होती, पाठीच्या कण्यापासून बरगडीला वळसा घालून पुढे पोटापर्यंत, आणि रात्रीच्या रात्री तो पोर भिंतीला कपाळ लावून उभा राहायचा, कारण पडलं की अंथरूण टोचायचं. गेरूचा लेप गोजरानेच लावला होता. नागीण सगळ्यांनाच होते. एकदा होते, खपली धरते, जाते. ही जायला तयार नव्हती. वेणूबाईने, त्याच्या आईने, काल वाशीच्या बाजारातून नवा बनियन आणला, हातभर बाह्यांचा, आणि सकाळी तो मुलाच्या अंगात घालताना एवढंच म्हणाली, "थंडी हाय." मे महिना होता. मांडवाच्या ताडपत्रीतून ऊन थेंबाथेंबाने गळत होतं, बायांच्या पोलक्यांच्या पाठी भिजल्या होत्या, आणि वेणूबाई म्हणाली थंडी हाय, आणि त्याचा बाप देवजी, गोजराचा भाऊ, म्हणाला, हां, वारा सुटलाय, आणि गोजराने मान हलवली. तिघांनी मिळून एक थंडी उभी केली. ही पाठ तिने तेलाने चोळली होती, तो मुठीएवढा असताना. पालथा घातला की मान वर करून बघायचा, कोण चोळतंय त्याची खात्री करून घ्यायचा, मग पुन्हा गाल मांडीवर टेकायचा. तेव्हा पाठ म्हणजे नुसतं लोणी. आता बनियनच्या आतून एकेक मणका बोटाला लागत होता, आणि ती बोटं वरच्या वर फिरवत होती, कापडाला हळद लावत होती. राहीबाईचं काय चुकलं होतं? कापडाला हळद लावताना गोजरानेही पहिल्यांदाच बघितलं होतं.

घरात त्याला ताप म्हणत. कुंदनचा ताप. शेजारी विचारलं तर कावीळ, सोयऱ्यांनी विचारलं तर टायफॉइड, आणि फारच खोदून विचारलं तर बाहेरचं खाणं. इतके आजार एका माणसाला पुरवायचे म्हणजे लक्षात ठेवावं लागतं, कुणाला काय सांगितलं ते. वेणूबाई ते चोख ठेवी. खरा शब्द वाशीच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरणीने उच्चारला होता, तेव्हा देवजी खाली जीप बाजूला घ्यायला गेला होता आणि वेणूबाई बाकावर देवाचं नाव घेत होती. आत होती ती गोजरा आणि कुंदन. डॉक्टरीण दमलेली होती पण चांगली होती. तिने गोजराला खुर्ची दिली. ती म्हणाली, हात लावून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, कपड्यांनी होत नाही. मग कशाने होतं ते सांगितलं, गोजराकडे न बघता, टेबलावरच्या काचेकडे बघत. मग म्हणाली, लग्न करू नका. औषध आहे म्हणतात, पण ते इथे मिळत नाही, मिळालं तरी तुम्हाला परवडायचं नाही. कुंदनने सगळं ऐकून घेतलं, गाडी बिघडल्यावर मेकॅनिकचं ऐकतात तसं, आणि विचारलं, "जीप चालवायला हरकत नाय ना?" गोजराला आजही त्या प्रश्नाने गलबलून येतं. देवजी किल्ली बोटात फिरवत वर आला तेव्हा तिने त्याला सांगायला तोंड उघडलं, आणि देवजीने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "इथं नको." मग जीपमध्ये नको, कुंदन चालवतोय. मग घरी नको, भाडेकरू ऐकतात. अशा रीतीने ते कुठेच सांगायचं राहिलं, आणि तरी त्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. ठाण्याच्या डॉक्टरनेही तेच सांगितलं. त्यानंतर देवजी डॉक्टरांकडे जायचाच बंद झाला आणि मुलगी बघायला लागला.

देवजी वाईट माणूस नाही. हे गोजरा स्वतःला वारंवार सांगे, आणि ते खरंही होतं. भात पिकवणारा, मिठागरावर कमरेएवढ्या चिखलात उभा राहिलेला माणूस; जमीन सरकारने घेतली, त्यावर सेक्टर उठले, ऐरोलीपर्यंत गावाच्या चारही बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या, आणि बदल्यात मिळालं त्यातून त्याने जुन्या घराच्या जागी तीन मजले चढवले आणि वरच्या खोल्या भाड्याने दिल्या. एकुलता पोर भरावाच्या मातीचं कंत्राट घ्यायला लागला, जीप आली, पनवेलच्या बारमध्ये मित्रांची टोळकी जाऊ लागली. गावातले सगळेच जात. सगळे जाऊन आले आणि हा अडकला; बाकीचे सुटले की नाही हे कुणी तपासलेलं नव्हतं, तपासणारही नव्हतं. देवजीला नातू पाहिजे होता. "एवढा बांदलाय तो कोनासाठी?" तो म्हणे, आणि हात वर करून तीन मजले दाखवी, जसं काही ते तीन मजलेच रडत होते. वेणूबाईला नातवाचंही एवढं नव्हतं. तिने एकदा चुलीशी बसून, भाकरी थापता थापता, परातीतल्या पिठाला सांगितलं, "माझी कंबर गेली. त्याचे चादरी कोन धुवंल? रातचं पानी कोन देल? बायको असली म्हंजे बायकोसारखा करंल." गोजराने ते ऐकलं आणि तिला वेणूबाईचा राग यायला हवा होता. आला नाही. कारण वेणूबाईने आयुष्यभर तेच केलं होतं, आणि तिच्या हिशेबी दुसरी एक बाई तेच करणार, यात जगावेगळं ते काय? फक्त त्या दुसऱ्या बाईला आधी सांगायला पाहिजे, एवढीच एक बारीक गोष्ट होती. गोजराने ती एकदा देवजीपुढे काढली होती. दादूस, निदान पोरीचे बापसाला तरी. देवजी ओटीवर दाढी करत होता. आरशातून त्याने तिच्याकडे बघितलं, गालाला फेस तसाच, आणि अगदी शांतपणे म्हणाला, "गोजरे, तुजा तोंड गान्यापुरता उघड."

त्यात धमकी नव्हती. नसण्यातच ती होती. गोजरा त्या घरात राहत होती ती देवजीने ठेवली म्हणून. तिचं स्वतःचं लग्न तीन पावसाळे टिकलं. मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी आणली आणि हिला बैलगाडीत बसवून माहेरच्या वेशीशी सोडलं. तो अजून मुरबाडकडे कुठे तरी जिवंत होता, म्हणून हिच्या कपाळाला कुंकू होतं. तेवढीच काय ती त्याची कामगिरी. गावातली अर्धी लग्नं हिने लावली, आणि लोकांना त्यात काही विसंगत वाटलं नाही. गळा चांगला होता, आईकडून आलेलं सगळं पाठ होतं, शिवाय टाकलेल्या बाईला रात्री-अपरात्री बोलवायला कुणाची परवानगी लागत नाही. कधी कधी, नवरीच्या गालाला हळद लावताना, तिला वाटे, आपण या पोरींना कुठे पाठवतो ते आपल्याला कधी तरी कळतं का? गाणं पुढे जाई. गाण्याचा तोच एक गुण आहे, ते पुढे जातं.

आत्ताही ते चाललं होतं. आणि त्या गाण्याच्या आडोशाला कुंदन ओठ न हलवता म्हणाला, "आते, तू तरी सांग ना." तो समोर बघत होता, मांडवाच्या खांबाकडे. डोळे आत गेलेले, गालावर पिवळा लेप, त्यामुळे चेहरा कुणी तरी मातीचा करून वाळत ठेवल्यासारखा. त्याने स्वतः सांगून बघितलं होतं, मला नको लगीन. त्यावर देवजी दोन दिवस जेवला नाही, आणि उपाशी बापापुढे त्या पोराचं काही चाललं नाही. त्याने पुन्हा म्हटलं, "तुजा ऐकतीन." गोजराने त्याच्या कानामागे बोट फिरवलं, लहानपणी झोपवताना फिरवायची तसं, आणि पुढची ओळ म्हणाली. माझं कोण ऐकणार रे बाळा. माझं फक्त गाणं ऐकतात.

हळद उरली ती वेणूबाईने वाटीत काढली, आंब्याचं पान वर ठेवलं, वाटी गोजराच्या हातात दिली. ही उष्टी हळद. नवऱ्याच्या अंगाची उरलेली, ती नवरीच्या गावी न्यायची आणि तिच्या अंगाला लावायची. तिथून ती त्याची झाली. नेण्याचा मान धवलारणीचा. बायका टेम्पोत चढायला लागल्या, कुणाची पिशवी राहिली, कुणाचा चष्मा, आणि त्या गडबडीत गोजरा वाटी घेऊन मागच्या अंगणात गेली. तिथे जुना पाटा भिंतीला टेकवून ठेवलेला होता. तिने काय ठरवलं होतं असं नाही. तिने वाटी न्हाणीच्या मोरीत उपडी केली, तांब्याभर पाणी ओतलं, पिवळं पाणी फिरून फिरून गेलं. मग वाटी राखेने घासली, पुन्हा घासली, आणि हळकुंडं घेऊन वाटायला बसली. ती ओली नव्हती, नीट वाटली जाईनात. वरवंट्याला सगळा भार द्यावा लागला. समोर टेम्पोवाला हॉर्न मारत होता. "गोजरे, मेलीस काय?" वेणूबाई ओरडली. गोजराने कोरी, कुणाच्याही अंगाला न लागलेली हळद वाटीत भरली, तेच आंब्याचं पान वर ठेवलं, आणि टेम्पोत जाऊन बसली. कित्येक वर्षांत तिने स्वतःच्या मनाने काही केलं नव्हतं. आता केलं होतं, आणि आजूबाजूच्या एकीलाही ते ठाऊक नव्हतं. पोरीला ती शिवणार नव्हती, त्याच्या अंगाची हळद. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागेपर्यंत ती हलकी होती, चक्क हसत होती.

मग कारखान्यांचा तो वास आला, औषधाच्या बाटलीचं बूच काढल्यासारखा, आणि त्या वासाबरोबर दवाखाना आला, आणि डॉक्टरणीचा दमलेला आवाज. हात लावून होत नाही. ताटाने होत नाही. कपड्याने होत नाही. म्हणजे हळदीनेही होत नाही. हे तिने तिथे खुर्चीत बसून ऐकलं होतं, मान डोलावली होती, घरी येऊन कुंदनच्या ताटात जेवली होती. मग मोरीशी बसून तिने काय केलं? हळदीपासून पोरीला वाचवलं. नवऱ्यापासून वाचवायचं राहिलं. वाटी तिच्या मांडीवर होती, टेम्पोच्या हादऱ्याने पान हलत होतं, आणि तिला स्वतःची अशी लाज वाटली की तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. "ऊन लागतं काय गो?" राहीबाईने विचारलं. हां, ऊन लागतं. तुर्भ्याला ट्रकच्या रांगेपाशी टेम्पो खोळंबला. समोरच्या लांबलचक भिंतीवर लाल रंगात मोठाली अक्षरं काढली होती, गोजराला कुंदनच्या शाळेच्या पुस्तकांवरून थोडं वाचता यायचं, तिने ओठ हलवत पहिलं अक्षर लावलं आणि थांबली. टेम्पोतल्या वाचता येणाऱ्या बायांनी इतका वेळ रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली होती, टायरची, दारूची, साड्यांची. या भिंतीशी त्या सगळ्या एकदम आपापल्या बांगड्या बघू लागल्या. राहीबाईला वाचता येत नव्हतं. "काय लिवलाय गो येवढा मोटा?" "कुटुंब नियोजनाचा काय तरी," गोजरा म्हणाली. "आता नियोजन करून काय," राहीबाई म्हणाली, "माजे सात झाले." सगळ्या हसल्या, आणि हसण्यात सुटका होती हे गोजराला स्पष्ट ऐकू आलं. म्हणजे यांनाही माहीत आहे? बनियन बघून कळलं की त्याआधीच? भिंतीपलीकडे कुठे तरी धंदा करणाऱ्या बायांच्या खोल्या होत्या, जिच्याकडून कुंदनला आलं अशी एक असेल, किंवा नसेल. गावात बोलायची वेळ आलीच तर सगळे तिच्याच नावाने बोटं मोडणार. तिला कुणी दिलं? तिला कुणी सांगितलं होतं? तिच्या अंगाला कुठली हळद लागली होती, कुठल्या गावाची? टेम्पो हलला. गोजराने वाटीवर तळहात ठेवला, जसं काही तीत अजून सांडण्यासारखं काही होतं.

शहाबाजला मुलीकडच्यांनी चांगली सोय केली होती. मांडव, खुर्च्या, थंड सरबत, आणि मुलीचा बाप गोटीराम स्वतः दारात उभा, खांद्यावर नवा टॉवेल. त्याने सगळ्यांना आत घेतलं आणि गोजराला मात्र थोडं बाजूला घेतलं. गोरापान, भित्र्या डोळ्यांचा माणूस. "बाय," तो म्हणाला, "पोराची तब्येत आता बरी ना?" गोजराने वर बघितलं. ही ती वेळ होती. कुणी नव्हतं, त्याने विचारलं होतं, एक शब्द पुरला असता. पण त्याचे डोळे तिच्या तोंडावर खिळले होते आणि ते डोळे काय मागत होते हे तिला कळलं. हा माणूस बघून आला होता त्या पोराला, साखरपुड्यात शेजारी बसला होता, त्याचे हात बघितले होते त्याने. पत्रिका वाटून झाल्या होत्या, मागे आणखी एक मुलगी होती. त्याला एकच उत्तर हवं होतं, आणि ते तिच्याकडून हवं होतं, म्हणजे उद्या तो म्हणू शकेल, मी विचारलं होतं. "बरी हाय," गोजरा म्हणाली. गोटीरामचा खांदा खाली आला. त्याने टॉवेलने तोंड पुसलं आणि म्हणाला, सरबत घ्या.

स्नेहल आतल्या खोलीत पाटाशेजारी बसली होती, पिवळी साडी, केसात अजून फूल माळायचं होतं. बारावी झालेली, वाशीला ब्यूटी पार्लरचा कोर्स केलेली, भुवया स्वतःच कोरलेल्या. गोजरा आत आली तशी ती हसली. "आते, माजे हलदीला बनियन नाय हां." म्हणजे टेम्पोआधी बातमी पोचली होती, किंवा राहीबाईने उंबऱ्यातच सांगितली असेल. मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. स्नेहलने त्यांना गजरे आणायला पिटाळलं, आणि त्या गेल्यावर तिचं हसू, दिवा मालवावा तसं, एकदम गेलं. तिने गोजराचा हात धरला. तिचा हात गरम होता, कामाचा होता, नखांना ताजं पॉलिश. "मना एक सांगा," ती म्हणाली. "आई बोलते कावील झालेली. बाबा बोलतान टायफॉइड. मामी बोलते, अपघात झालेला. तुमी काय बोलता?" गोजराला चौथा आजार सुचेना. ती म्हणाली, "नागीन उठलेली पाठीवर." ते खोटं नव्हतं. "नागीन," स्नेहल म्हणाली, आणि आणखी काही तरी येईल म्हणून थांबली. पार्लरमध्ये मासिकं असतात, टीव्हीवर जाहिराती लागतात, ही पोर काही आंधळी नव्हती. तिला नुसता तो शब्द कुणी तरी मोठ्या माणसाने हातात द्यायला हवा होता, की ती उठेल. तिच्या एकटीच्या संशयावर कोण लग्न मोडतं? "आते," ती म्हणाली, "मी तुमचे घरात आल्यावर तुमी असाल ना?" असेन, गोजरा म्हणाली. असेन ना. धुवायला, पाणी द्यायला, मग तुझ्याही चादरी. हे ती म्हणाली नाही. बाहेरून कुणी ओरडलं, "धवलारनी, काय झोपल्या काय? दिवस मावलतो."

अंगणात स्नेहलला पाटावर बसवलं. शेणाचा सडा अजून ओला होता, ऊन भिंतीवरून उतरत होतं, शेजारच्या गच्चीवर कुणाचा तरी टेपरेकॉर्डर लागला होता तो गोटीरामने हात करून बंद करायला लावला. गोजरा वाटी घेऊन पुढे, मागे दोन्हीकडच्या बाया. राहीबाई अगदी मागोमाग. धवला सुरू झाला. गोजरा ओळ सोडी, मागच्या उचलत. तिने अर्धी म्हणायची, त्यांनी ती जशीच्या तशी परत द्यायची, जन्मभराची सवय, डोकं लागत नाही त्याला, तोंडच ते करतं. गावदेवीला बोलावलं, तिला बसायला जागा दिली. खाडीच्या देवाला बोलावलं. मेलेल्या आजे-पणज्यांना बोलावलं, त्यांना सुपारी दिली. स्नेहलने डोळे मिटले होते आणि चेहरा वर केला होता, लहान मूल तोंड धुवून घ्यायला वर करतं तसा. गोजराने बोट वाटीत बुडवलं. इथे नवऱ्याचं नाव येतं. इथे त्याच्या बापाचं, त्याच्या घराचं, मग त्याची हळद हिला लागते. कुंदनचं नाव तिने ओळीत घेतलं, चालीवर, लांबवून. कुंदनला. मागच्यांनी परत दिलं, कुंदनला. आता पुढे हळद यायची होती, रंग यायचा होता, सोन्याची उपमा यायची होती. ओळ तिला आईच्या मांडीपासून पाठ होती, ती घशात आली आणि तिथेच राहिली. खालमानेने गोटीराम टॉवेलचं टोक पिळत होता. दिवस मावळत होता. स्नेहलच्या मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या, त्यांच्यावर गोजराचं पिवळं बोट अधांतरी. मागे बाया ओळीची वाट बघत श्वास घेऊन थांबल्या होत्या. धवल्यात एवढा खंड कधी पडत नाही. गोजराने पुन्हा तोंड उघडलं. जो शब्द तिने दवाखान्यात ऐकला होता, भिंतीवर अर्धा वाचला होता, अंधारात एकटी असतानाही कधी जिभेवर घेतला नव्हता, तो वर आला. चाल तीच राहिली. आवाज बसला नाही, उलट मोकळा सुटला, गावाबाहेर ऐकू जाईल असा.

"कुंदनला एड्स हाय," गोजरा म्हणाली.

आणि मागच्या बायांनी, सवयीने, एका सुरात, ओळ उचलली.

"कुंदनला एड्स हाय."